घाटमाथ्यावरचा टीव्ही आणि बारा व्होल्टचा हिशोब

बामणोलीला कोयनेच्या काठावर गाडी लावली होती. सप्टेंबरचे दिवस. समोर शिवसागराचं पाणी, पलीकडच्या डोंगरावर ढग अगदी निम्म्यापर्यंत उतरलेले. सासऱ्यांच्या सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या आणि ते क्रिकेटकडे वळले होते. पाच-दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मागच्या बाकाखालून पीं-पीं सुरू झालं आणि पडदा काळा पडला. मेव्हण्यानं बाकाची फळी उचलून टॉर्च मारला.

“दाजी, बॅटरी बसली की ओ! नवीकोरी हाय, परवाच आणलीया.”

ही गाडी म्हणजे मेव्हण्यानं जुन्यात घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर. कराडजवळच्या एका बॉडीवाल्याकडून त्यानं आत दोन बिछाने, एक छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि भिंतीवर २४ इंची टीव्ही असं सगळं करून घेतलं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे होतं. (गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ते त्यानं आधी केलं, हे मला फार आवडलं.) सासऱ्यांचे गुडघे आता लॉजचे जिने चढत नाहीत. त्यांना कास, ठोसेघर, मेणवलीचा घाट दाखवायचा तर घरच चाकांवर न्यायला हवं, एवढा साधा विचार त्यामागे होता. आणि घर म्हटलं की सातच्या बातम्या आल्याच.

बॅटरी बसल्यावर सगळ्यांची बोटं टीव्हीकडे गेली. “एवढा मोठा टीव्ही कशाला लावला,” असं सासूबाईसुद्धा म्हणाल्या. मला ते पटेना. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि कुठल्याही यंत्रावर आरोप ठेवण्याआधी त्याच्या मागची पट्टी वाचतो. टीव्हीच्या मागे लिहिलं होतं: १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे २४ वॅट. शनिवारी रात्री आम्ही तो दोन तास पाहिला, रविवारी एक तास. तीन तास गुणिले २४ वॅट, झाले ७२ वॅट-तास. बॅटरी होती ६० अँपिअर-तासाची. बाराने गुणलं की ७२० वॅट-तास. टीव्हीनं त्यातला जेमतेम दहावा भाग खाल्ला होता. मग उरलेली वीज गेली कुठे?

वीज मुरत होती वाटेत. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यावर १००० वॅटचा इन्व्हर्टर बसवलेला. तो १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करायचा. त्या २३० मध्ये टीव्हीचा अ‍ॅडॉप्टर खोचलेला, लॅपटॉपला असतो तसा काळा ठोकळा. आणि हा ठोकळा काय करायचा? २३० व्होल्टचे पुन्हा १२ व्होल्ट! उजव्या हाताशी असलेलं नाक डोक्यामागून हात फिरवून धरायचं, असला हा द्राविडी प्राणायाम. प्रत्येक फेऱ्यात थोडी वीज उष्णता होऊन निघून जाते. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर २४ वॅटच्या टीव्हीसाठी बॅटरीतून २८ वॅट उपसावे लागतात.

पण खरी गळती ही नव्हे. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडलेलं नसलं, तरी स्वतःच्या पोटासाठी तो काही वॅट घेतोच. त्याच्या आतले ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात, ट्रान्सफॉर्मरचा गाभा सतत चुंबकित होत असतो, पंखा मधूनच फिरतो. आमचा इन्व्हर्टर सुमारे १२ वॅट घेत होता. शनिवारी संध्याकाळी साडेसातला बटण दाबलं ते रविवारी साडेसातपर्यंत कुणी बंदच केलं नाही. २४ तास गुणिले १२ वॅट, २८८ वॅट-तास.

आणि तिसरा वाटेकरी सेट-टॉप बॉक्स. रिमोटनं बंद केला की त्याचा हिरवा दिवा लाल होतो आणि आपल्याला वाटतं, झोपला. टीव्ही खरंच झोपतो. हल्लीचे टीव्ही स्टँडबायला अर्धा-एक वॅटच्या आसपास घेतात. बहुतेक साधे सेट-टॉप बॉक्स मात्र लाल दिव्यातही चालू असताना घेतात जवळपास तेवढीच वीज घेत राहतात, कारण आतला ट्यूनर आणि वर छत्रीवरचा एलएनबी (ताटलीसमोरचा, लहरी पकडणारा छोटा डबा) दोन्ही जागेच असतात. बॉक्सवर हात ठेवून पाहा, रात्री बंद केलेला बॉक्स सकाळी कोमटच लागतो. त्याचे १० वॅट, इन्व्हर्टरमधून आल्यामुळे १२, गुणिले २४ तास. पुन्हा २८८.

बेरीज केली: टीव्ही ८५, इन्व्हर्टर २८८, बॉक्स २८८. एकूण ६६१ वॅट-तास. ७२० च्या बॅटरीतून ६६१ गेले की इन्व्हर्टर ओरडणारच, आणि तो ओरडला हे बरंच झालं. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत.

चाकांवरच्या घरात टीव्ही निवडताना दुकानात सगळे इंच विचारतात. मी विचारीन तो पहिला प्रश्न वेगळा: वीज टीव्हीच्या आत कुठून शिरते? साधारण २४ इंचापर्यंतच्या बऱ्याच टीव्हींना बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असतो आणि टीव्हीच्या पाठीवर गोल पिनचं भोक असतं. हे १२ व्होल्टवर थेट चालू शकणारे टीव्ही. काहींचा अ‍ॅडॉप्टर १९ व्होल्टचा असतो, म्हणून पट्टी वाचायलाच हवी. ३२ इंच आणि त्यापुढे मात्र बहुतेक टीव्हींना पाठीतून थेट २३० व्होल्टची वायर येते. त्यांचा वीजपुरवठा आतच बसवलेला असतो आणि त्यांना इन्व्हर्टरशिवाय गत्यंतर नाही. ३२ इंचावर हट्ट असेल तर निदान इन्व्हर्टर लहान घ्या, १५०-२०० वॅटचा, शुद्ध साइन लाटेचा, आणि टीव्ही बंद केला की तोही बंद करा. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात. टीव्ही तिच्यावर चालतो, पण अ‍ॅडॉप्टर जास्त तापतो आणि कधीकधी स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण येते.

आता इंचाबद्दल. बिछान्यावर पाठ टेकून बसलं की आमच्या गाडीत डोळ्यापासून पडद्यापर्यंत दीड मीटर अंतर राहतं. सर्वसाधारण डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखू शकतो. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर एचडी-रेडी टीव्हीचे १३६६ ठिपके पसरले तर एक ठिपका ०.३९ मिलिमीटरचा होतो. हा ठिपका साधारण १.३ मीटरपलीकडून वेगळा दिसेनासा होतो. म्हणजे दीड मीटरवर बसणाऱ्याला या आकारात साधा एचडी-रेडी टीव्ही पुरतो. फुल एचडीचा फायदा मीटरभर अंतरावर येऊन बसल्यावर, आणि फोर-केला या गाडीत पैसे घालण्यात काहीच अर्थ नाही. जास्त ठिपके म्हणजे आत जास्त काम करणारी चिप, आणि ती चिपही त्याच बॅटरीवर जेवणार.

ठिपक्यांपेक्षा पॅनेलचा प्रकार महत्त्वाचा, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरी आपण टीव्हीसमोर बसतो. गाडीत एक जण खालच्या बिछान्यावर आडवा, एक जण बाकावर तिरका, तिसरा ओट्याशी उभा. स्वस्त टीएन पॅनेल खालून पाहिलं की चित्र काळवंडतं आणि चेहऱ्यांचे रंग उलटे दिसू लागतात, जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हसारखे. द्रवस्फटिकाचे रेणू ज्या दिशेनं कलतात, त्या दिशेनं प्रकाशाला वेगळा रस्ता मिळतो म्हणून हे होतं. आयपीएस पॅनेलमध्ये हे रेणू पडद्याच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूनं किंवा खालून पाहिलं तरी रंग फारसे बिघडत नाहीत. दुकानात टीव्ही चालू करायला सांगा आणि सरळ गुडघ्यावर बसून खालून वर पाहा. लोक बघतील, बघू द्या.

या पडद्यांची एक गोष्ट मला दरवर्षी वर्गात सांगताना नव्यानं आश्चर्य वाटतं. एलईडी टीव्ही म्हणतो तो खरा एलसीडीच असतो, एलईडी फक्त मागचा दिवा. तो पांढरा प्रकाश पहिल्या ध्रुवक पडद्यातून (एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पोलरायझरमधून) जाताना निम्म्याहून जास्त अडतो. मग लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या येतात. प्रत्येक गाळणी आपला रंग ठेवते आणि बाकीचा, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश, गिळते. ठिपक्यांमधल्या वायरींच्या जाळीतही थोडा जातो. शेवटी शंभरातले पाच-सात भागच आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतात. म्हणजे टीव्हीच्या २४ वॅटमधले बहुतेक या मागच्या दिव्यावर खर्च होतात, आणि त्यातला बहुतेक प्रकाश आतच मरतो. साध्या टीव्हीत चित्र काळोख्या रात्रीचं असो की भर दुपारचं, दिवा तेवढाच जळतो.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘बॅकलाइट’ शोधा. ‘ब्राइटनेस’ नव्हे, तो बऱ्याच टीव्हींत फक्त काळ्या रंगाची पातळी बदलतो आणि विजेत फरक पडत नाही. आमच्या टीव्हीला मी वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर धरून मोजलं. बॅकलाइट १०० वर असताना २.० अँपिअर, ४० वर आणला तर १.२. रात्री गाडीत दिवे मालवलेले असतात. ४० वर चित्र डोळ्यांना उलट जास्त सुखद वाटतं. ज्या टीव्हींत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो ते ओएलईडी टीव्ही इतक्या लहान आकारात येतच नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार सोडून द्यावा.

तर इन्व्हर्टर काढून टीव्ही थेट बॅटरीला जोडायचा ठरला. मेव्हणा लगेच पक्कड घेऊन बसला आणि मी त्याचा हात धरला. ‘१२ व्होल्टची बॅटरी’ हे फक्त नाव आहे. विश्रांतीत असलेली, पूर्ण भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी झाली की १२.२, आणि ११.८ च्या आसपास ती रिकामी समजायची. इंजिन चालू असलं की डायनामो तिला १४.२-१४.४ वर नेतो. सोलर चार्जरही दुपारी तेवढाच चढतो. सेल्फ मारला की क्षणभर ती दहाच्याही खाली येऊ शकते आणि नंतर लगेच उसळी. विदेशात कॅराव्हॅनसाठी खास बनवलेले टीव्ही ९-१० पासून १५ किंवा २४-३० व्होल्टपर्यंत काहीही सोसतात, आणि त्यांची किंमतही तशीच असते. आपल्या घरगुती टीव्हीला १२ म्हणजे १२ अपेक्षित असतात, दहा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे १०.८ ते १३.२.

इथे लिथियमवाल्यांनी जास्त सावध राहावं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीनं असतात. वजनानं ती शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी, पाण्याची कटकट नाही, खोलवर वापरली तरी चालते. मला तीच घ्यावीशी वाटते. पण तिचा विद्युतदाब (व्होल्ट) जवळपास पूर्ण संध्याकाळ १३.२-१३.३ वर सपाट राहतो आणि चार्जिंगला १४.४ च्या पुढे जातो. म्हणजे घरगुती टीव्ही रोज रात्री मर्यादेच्या काठावर किंवा काठाबाहेर बसणार. एके दिवशी आतला एखादा कपॅसिटर फुगतो आणि आपण कंपनीला दोष देतो.

उपाय लहानसा आहे, तळहाताएवढा. डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर, आणि तोही दाब वाढवणारा-कमी करणारा दोन्ही. आत ९ येवोत की १५, बाहेर स्थिर १२. पुण्याच्या तपकीर गल्लीत असे डबे मिळतात. ५ अँपिअरचा घ्यावा, २ अँपिअरच्या टीव्हीला काठोकाठ २ अँपिअरचा नको. त्याच्या आत एक गुंडाळी आणि एक वेगवान ट्रान्झिस्टर असतो. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा गुंडाळीत वीज सोडतो आणि थांबवतो. गुंडाळी ती चुंबकक्षेत्रात क्षणभर साठवून पुढे देते. किती वेळ चालू, किती वेळ बंद, हे प्रमाण बदललं की बाहेरचा दाब बदलतो. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात. आणि हो, पिन जोडण्याआधी टीव्हीच्या पट्टीवरचं चित्र पाहा, आतला भाग धन की बाहेरचा. उलटं लावलं तर टीव्ही एका क्षणात जातो.

वायरीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बहुतेक गाड्यांत इथेच घोटाळा असतो. बॉडीवाल्यानं बॅटरीपासून टीव्हीपर्यंत ट्यूबलाइटला वापरतात तसली एक चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती. २३० व्होल्टला ती ठीक. १२ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी जवळपास वीसपट प्रवाह लागतो, आणि वायरीतली तूट प्रवाहाबरोबर वाढते. आमच्या गाडीत बॅटरी मागे, टीव्ही पुढे. अंतर ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर तांबं. एक चौरस मिलिमीटरच्या एवढ्या वायरीचा रोध ०.१७ ओहम. टीव्ही आणि बॉक्स मिळून ३ अँपिअर गेले की वाटेतच अर्धा व्होल्ट गळतो. बॅटरी १२.० असेल तर पलीकडे ११.५. २३० मधून अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही, बारातून गेला तर तो चार टक्के असतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर हीच तूट ०.२ व्होल्टवर आली. वायरीच्या टोकांना थिंबल (धातूची टोपी) दाबून घ्या. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी यवतेश्वर घाटाच्या दोन-चार फेऱ्यांत सैल होते, सैल झाली की तापते.

आणि फ्यूज. तो टीव्हीजवळ नको, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर हवा, ५ अँपिअरचा. फ्यूज टीव्हीला वाचवायला नसतो, वायरीला आणि पर्यायानं गाडीत झोपलेल्या माणसांना वाचवायला असतो. वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर ही लहान दिसणारी बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. लाकडी फळ्या, गाद्या, वर गॅसची शेगडी, अशा गाडीत हे मी अजिबात सैल सोडणार नाही. बिछान्याखाली पाण्याची ट्यूब्युलर बॅटरीही ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

वीज सुटली. आता चित्र कुठून आणायचं?

साताऱ्या-सांगलीच्या गच्च्यांवर एके काळी माशाच्या काट्यासारखे अँटेना असायचे. दूरदर्शनची ती जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं आता जवळपास सगळीकडे बंद झाली आहेत. त्यामुळे विदेशी कॅराव्हॅनवाले छतावर अँटेना लावतात ते पाहून आपण लावून उपयोग नाही. मोबाईलवरून स्ट्रीमिंग करता येतं, पण कोयनेच्या खोऱ्यात रेंज येते-जाते आणि एचडी चित्राला तासाला काही जीबी डेटा जातो. उरते छत्री. डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. महिन्याचे पैसे नाहीत, फक्त छत्री आणि बॉक्स. चार महिन्यांतून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीला हे फार सोयीचं.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, सुमात्राच्या पश्चिमेच्या समुद्रावर जणू टांगलेला आहे. पृथ्वीबरोबर तेवढ्याच वेगानं फिरतो म्हणून आपल्याला स्थिर दिसतो. साताऱ्याहून त्रिकोणमिती मांडली तर तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं १३१ अंशांवर येतो, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला, आणि क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर. सांगलीहून फरक अंशभराचाच. मोबाईलच्या होकायंत्रावर १३१ काढा, पण गाडीपासून चार पावलं लांब जाऊन, पत्र्यानं काटा भरकटतो. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा ती चिंता सोडा.

हे ६० अंश आपल्याला मोठं वरदान आहे. लंडनच्या कॅराव्हॅनवाल्याला त्याचा नेहमीचा उपग्रह पंचवीसेक अंशांवर दिसतो, त्याला समोरची झाडांची रांगसुद्धा आडवी येते. आपण बामणोलीसारख्या दरीत, चारी बाजूंनी डोंगर असताना उभे असलो तरी उपग्रह डोंगरमाथ्याच्या कितीतरी वर असतो. अडवलं तर डोक्यावरचं जांभळाचं झाडच अडवतं. सावलीसाठी गाडी झाडाखाली लावा, छत्री मात्र दहा मीटर केबल सोडून उघड्यावर.

छत्री लावताना पहिल्यांदा सगळे एकच चूक करतात, मीही केली. ६० अंश वर म्हणून ताटली आकाशाकडे वळवून ठेवली आणि अर्धा तास शून्य. ही ताटली खरं तर एका मोठ्या वाडग्याचा कडेचा तुकडा असते आणि एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ती जिकडे तोंड करून दिसते त्याहून साधारण २५ अंश वरचं पाहते. म्हणजे आपल्याला ती उभ्या रेषेपासून फक्त ३५ अंश मागे झुकवायची. गोंधळ झाला तर गावातल्या घरांवरच्या छत्र्या पाहाव्यात. पण खाजगी कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, म्हणून फ्री डिशचीच छत्री कोणती ते घरमालकाला विचारावं. लोक हौसेनं सांगतात, बऱ्याचदा स्वतः पाना घेऊन येतात.

बॉक्सच्या स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थवर भाळू नका. शेजारच्या उपग्रहाकडे तोंड असलं तरी ती भरलेली दिसते. क्वालिटी हलली की समजायचं, सापडला. मग एलएनबी त्याच्या पकडीत थोडा-थोडा गोल फिरवत क्वालिटी सर्वांत जास्त कुठे येते ते पाहायचं. उपग्रहाच्या लहरी एका ठरलेल्या पातळीत कंप पावत येतात आणि एलएनबीच्या आतली काडी त्या पातळीशी जुळावी लागते. ही पातळी निवडण्यासाठी बॉक्स केबलमधूनच एलएनबीला कधी १३, कधी १८ व्होल्ट पाठवतो. म्हणून केबलच्या टोकाला बाहेरच्या तारजाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी सगळेच चॅनेल गायब होतात.

या जुळवणीला किती नेमकेपणा लागतो? लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर, छत्री ६० सेंटिमीटरची. त्यावरून तिची दृष्टी सुमारे तीन अंश रुंद येते. दीड अंश चुकलं की सिग्नल निम्मा. दीड अंश म्हणजे ताटलीची एक कड जेमतेम दीड सेंटिमीटर पुढेमागे. गाडीच्या टपावर छत्री बसवली तर कुणी पायरीवर पाय ठेवताच कमानपाटे दबतात, गाडी झुकते आणि चित्राचे चौकोन होतात. आमच्याकडे नेमकं हेच व्हायचं आणि सासूबाई म्हणायच्या, “कुणी चढू नगा रं, बातम्या चालल्यात.” आता छत्री तिपाईवर, जमिनीवर असते. तिपाईच्या मधोमध दोरीनं पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगतो, वाऱ्यानं हलत नाही.

पावसाला मात्र इलाज नाही. या लहरींचं विद्युतक्षेत्र पाण्याच्या रेणूंना गदागदा हलवतं, आणि लहरीची शक्ती त्या हलण्यात, म्हणजे उष्णतेत, खर्च होते. थेंब टपोरा झाला की तो तिला इकडेतिकडे विखुरतोही. घाटमाथ्यावर जोराची सर आली की चित्र जाणार. मोठी, ९० सेंटिमीटरची छत्री थोडा जास्त वेळ तग धरते. ताटलीवर साचलेलं पाणीही अडथळा करतं, सर ओसरल्यावर फडक्यानं पुसली की चित्र लवकर परततं.

चालत्या गाडीत टीव्हीला भिंतीवरच्या लांब हाताच्या स्टँडवर सोडू नका. पॅनेलची काच अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असते, आणि लांब हात खड्ड्याखड्ड्याला झोके घेत तिला पिळतो. आम्ही टीव्ही काढतो, गोधडीत गुंडाळतो आणि बिछान्यावर उभा, दोन उशांच्या मध्ये ठेवतो. आडवा ठेवला तर काचेचं वजन मधोमध झोळ खातं. एप्रिल-मे महिन्यांत गाडी उन्हात बंद असेल तर टीव्ही घरीच बरा. बंद गाडी आतून ६० अंशांच्या वर सहज जाते.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्याच जागी गेलो. या वेळी इन्व्हर्टर नव्हता. टीव्ही आणि बॉक्स कन्व्हर्टरमधून थेट बॅटरीवर, आणि दोघांना मिळून एकच बटण, सासऱ्यांच्या उशाशी. बातम्या संपल्या की ते स्वतः खट्कन बंद करायचे. रोज तीन तासांचा हिशोब ११३ वॅट-तासांच्या आसपास येतो, पहिल्या वेळच्या जवळपास सहाव्या भागाएवढा. बॅकलाइट ४० वर, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही खाली. छतावर १०० वॅटचं सोलर पॅनेल लावलं तर स्वच्छ उन्हात दिवसाला ३५० ते ४०० वॅट-तास मिळतील. पण मेव्हणा म्हणाला, आधी आहे ते किती पुरतंय ते बघू.

दोन रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी, अजून धुकं पाण्यावरून उठलं नव्हतं, तो बाकाची फळी उचलून मीटर लावून बसला. गाडी सुरू करण्याआधी, सगळं बंद असताना वाचायचं, हे त्याला आता पाठ झालं आहे. मीटरवर १२.४ आलं. डॅशबोर्डातली डायरी काढून त्यानं तारीख घातली, शेजारी आकडा लिहिला आणि खाली सासऱ्यांना विचारून आदल्या रात्री टीव्ही किती वाजता बंद केला तेही लिहून ठेवलं.